साडेदहा मीटर

अंगठ्याला शिवण लागली आणि मी थांबलो. सकाळचे साडेसात वाजले होते. उत्तरेकडच्या गोलरेषेवर टेपचं टोक दाबून मी उकिडवा बसलो होतो. प्रशिक्षकांना सरावासाठी गोलासमोर एक चौकोन आखून हवा होता, तेवढंच काम होतं. काल दुपारी याच मैदानावर आपला संघ जिंकला होता, त्यामुळे गवतात कागदाचे कपटे अजून ओले होऊन चिकटलेले होते आणि स्टँडमध्ये कुणाची तरी एकच चप्पल पडली होती. टेपचं टोक दाबलं तेव्हा अंगठ्याखाली जाड दोऱ्याचे टाके आले. निळा दोरा. टाके हिनं घातलेले, माझ्या बायकोनं. मी ते बघत बसलो, आणि मग नजर टाक्यांशेजारच्या आकड्यावर गेली. तिथं शून्य नव्हतं. तिथं पन्नास होतं. हे मला माहीत होतं. सतरा वर्षं माहीत होतं. तरीही कुणी मागून येऊन डोक्यावर गार पाण्याची बादली उपडी करावी तसं झालं. कारण तीन दिवसांपूर्वी याच टोकात खिळा घालून, याच रेषेपासून, मी एकट्यानं अकरा मीटर मोजले होते आणि अकराच्या आकड्याशी पेनल्टीचा पांढरा ठिपका मारला होता.

मी उठलो. खिळा रोवला, टेप ओढत ठिपक्यापर्यंत गेलो. अकरा. परत आलो, खिळा तपासला, पुन्हा गेलो. अकरा. टेप खोटं बोलत नव्हता. टोकाला पन्नास सेंटिमीटर कमी असलेला टेप अकरा दाखवतो तेव्हा जमीन साडेदहा असते, एवढी साधी वजाबाकी होती. ती मी चार वेळा केली. बोटांवर केली. मग वाटलं की टेपच नको, म्हणून फावडं आणलं, त्याचा दांडा मला ठाऊक होता, सव्वा मीटर, आणि दांडा उलटापालटा टाकत मी गोलरेषेपासून निघालो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आठ दांडे आणि वर थोडं. साडेदहा. कानात बारीक शिट्टी वाजत होती आणि लांब रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज बंद दारापलीकडून आल्यासारखा येत होता. असं एकोणीस दिवसांपूर्वीही झालं होतं, दवाखान्यात, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. तेव्हाही मी पायऱ्या मोजल्या होत्या. बावीस होत्या.

टेप मीच तोडला होता. म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात त्याचं टोक गेलं आणि चिंध्या झाल्या. मी शिव्या घातल्या. ही शांतपणे आत गेली, कात्री आणली आणि चिंध्या कापत कापत बरोबर पन्नासच्या रेघेवर थांबली. उसवू नये म्हणून दुमड न घालता कडेला टाके घातले. मी म्हणालो, ऑफिसात सांगून नवा मागवू. ती म्हणाली, "चांगला कापडी टेप आहे. हातभर गेला म्हणून फेकायचा? तो अर्धा मीटर मी डोक्यात ठेवते, तुम्ही नका काळजी करू." मी काळजी केली नाही. नंतर ऑफिसातून नवा टेप आलासुद्धा, पण तो पत्र्याचा होता, उन्हात तापायचा आणि सोडला की सापासारखा हातावर यायचा. तो कपाटात पडला. कामाची आमची पद्धत ठरलेली होती. मी रेषेवर बसून टोक धरायचो, कारण माझे गुडघे तेव्हा बरे होते आणि तिला फार वेळ उकिडवं बसवत नसे. ती टेप घेऊन पुढं जायची. आकडा ती वाचायची. मला तिथून आकडा दिसायचाही नाही. "धरलं?" "धरलं." "ठोकू का?" "ठोक." ती खुंटी ठोकायची, मी उठून दोरी बांधायचो, फक्कीचं यंत्र ढकलायचो. रेघ माझ्या हातची सरळ यायची, हे खरं. बाहेरचे संघ यायचे तेव्हा म्हणायचे, इथल्या रेघा बघा, पट्टी लावून मारल्यासारख्या. मी मान हलवायचो. ती तोवर खुंट्या गोळा करून पाण्याच्या नळाखाली धुवत असायची.

बाकीच्या रेघांना मोजायचं कामच नव्हतं. जुन्या रेघा पुसट झाल्या तरी गवतात त्यांची खूण राहते, तिच्यावरूनच फक्की मारायची. दक्षिणेकडचा ठिपकाही जुनाच. पण उत्तरेकडच्या गोलासमोरचं गवत पार उडालं होतं, आणि हा सामना मोठा म्हणून तिथं नवी हरळी बसवली. ठेकेदाराची माणसं आली तेव्हा मी दवाखान्यात होतो. ही पलंगावर होती, नाकात नळी. मी सांगितलं, आज गोलासमोर हरळीचे चौकोन टाकतायत. ती डोळे मिटूनच म्हणाली, "पाणी कोण घालणार?" मी म्हणालो, फ्यूज घालेल. फ्यूज म्हणजे आमचा इलेक्ट्रिशियन, स्टँडच्या वायरी आणि फलकाचे दिवे बघतो. ती म्हणाली, "तो गवताला शॉक देईल." तिला हसू आलं आणि खोकला आला, आणि नर्सने मला बाहेर काढलं. नव्या हरळीखाली जुना ठिपका गेला. सामन्याआधी तो नव्यानं मोजायचा होता. ही गेल्यापासून मी सगळी कामं उरकल्यासारखी करत होतो, हात आपले आपण चालायचे. टेप घेतला, टोक धरायला माणूस नाही म्हणून टाक्यांमध्ये खिळा घातला, चालत गेलो, आकडा वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडा मी वाचत होतो. अकरा हवा होता, अकरा दिसला. मला वाटलं, जमलं. एकट्यालाही जमलं. तेवढ्यानं बरं वाटलं होतं, हेही आता सांगितलं पाहिजे.

आणि काल. आशियाच्या पात्रता स्पर्धेची ही अगदी पहिली फेरी. सगळ्यात खालच्या क्रमांकाच्या देशांना आपसात खेळवतात, एक सामना त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, आणि दोन्ही मिळून जो हरतो त्याचं दुकान बंद. पुढची तीन-चार वर्षं त्याला असा सामना नाही. मोठे देश अजून मैदानात उतरलेलेही नसतात तेव्हा आमच्यासारख्यांचं सगळं संपलेलं असतं. आपल्या संघानं ही फेरी कधीच पार केली नव्हती. त्यांच्याकडे शून्य-शून्य झालं होतं. काल इथंही शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली तरी शून्य-शून्यच, आणि मग उत्तरेकडच्या गोलासमोर त्यांच्या एका पोराच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. मी खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी फक्कीच्या पोत्यावर बसलो होतो, शेजारी फ्यूज. सगळं मैदान उभं राहिलं. त्यांचा गोली, म्हणजे गोलकीपर, उंच, वाळकासा माणूस, कपाळावरचे केस गेलेले, पोरांमध्ये काकाच वाटत होता. तो गोलरेषेवर उभा राहिला, ठिपक्याकडे बघितलं, आणि मग टाच रेषेला लावून मोजत निघाला. एक एक पाऊल टाकत ठिपक्यापाशी आला, पंचाकडे वळला आणि दोन्ही तळहात समोर धरून दाखवलं. एवढं. एवढं कमी. तळहातांत हातभर अंतर होतं. पंचानं घड्याळाकडे बोट केलं आणि त्याला मागं जायला सांगितलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. फ्यूज म्हणाला, "काका, ह्याला टेलर आणून द्या, माप घेतोय!" आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि हसता हसता मला आत कुठंतरी लाजही वाटली की आपण हसतोय. गोली परत गेला. आपल्या पोरानं चेंडू डावीकडे मारला, गोली उजवीकडे पडला, आणि पुढं मला काही ऐकू आलं नाही, कारण फ्यूजनं माझ्या गळ्यात पडून मला पोत्यावरून खाली पाडलं होतं.

त्या गोलीच्या बुटांच्या खिळ्यांची भोकं आज सकाळीही होती. नव्या मऊ हरळीत, रेषेपासून ठिपक्यापर्यंत, नीट एका ओळीत. मला ती सकाळी बुजवायची होती. मी त्यांच्याकडे बघत फावडं घेऊन उभा होतो. करायचं काय, हे डोळ्यांसमोर लख्ख होतं. ठिपका खरवडायचा, वर माती टाकायची, हातभर मागं नवा मारायचा. पाच मिनिटांचं काम. दहा वाजता सरावाची पोरं येणार, त्यांनी तुडवलं की देवाला कळणार नाही. मी फावडं टेकवलं. पातं गवतात बोटभर गेलं. आणि मला तो गोली दिसला, मैदानातला नाही, नंतरचा. सामना संपल्यावर मी खेळाडूंच्या खोल्यांकडच्या गल्लीत झाडू घ्यायला गेलो होतो. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, हातमोजे काढलेले, आणि त्यांचा प्रशिक्षक त्याच्या तोंडासमोर ओरडत होता. त्यांची भाषा मला येत नाही. पण गोली पुन्हा पुन्हा दोन्ही तळहात समोर धरून दाखवत होता. एवढं. एवढं. त्याच्याच संघातली दोन पोरं शेजारून गेली, एकानं दुसऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, दुसरा फिस्सकन हसला. हरलेला माणूस बहाणे शोधतो, दुसरं काय. मीही तेच म्हणालो मनात. झाडू घेतला आणि त्याच्या पायाजवळचा कचरा लोटून नेला. त्यानं पाय उचलून जागा दिली मला.

"बाबा, चहा." मुलगी थर्मास घेऊन आली होती. ही गेल्यापासून ती सासरहून येऊन राहिलीय, स्टँडखालच्या आमच्या दोन खोल्यांत. आईसारखीच चालते, टाच आधी. "आणि चेहरा असा का? सगळं गाव नाचतंय. आपण जिंकलो ना?"

"जिंकलो."

"मग? फावड्याशी भांडण झालंय का?"

मी सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. ती आधी हसली, तिला वाटलं थट्टा करतोय. मग ती खाली बसली आणि तिनं ठिपक्याला बोट लावून बघितलं, गरम तव्याला लावावं तसं. म्हणाली, "पुसून टाका. लगेच पुसा. कोण मोजायला येणार आहे?"

"तेच करत होतो."

"पण तुमचं माप चुकलं कसं? तीस वर्षं तुम्ही हेच करताय."

"मी कधी मोजलंच नाही. तुझी आई मोजायची."

तिनं ठिपक्यावरचं बोट उचललं. "आई? आई खुंट्या ठोकायची ना. मला वाटायचं, ती तुमच्या हाताखाली काम करते. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचे, बाबा मैदान आखतात आणि आई मदत करते."

"उलटं होतं," मी म्हणालो.

हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडले. मी फावड्याच्या दांड्याला धरून उभा राहिलो. कारण हे मलाही आत्ताच कळत होतं. तीस वर्षं या मैदानाचे सगळे आकडे तिच्या डोक्यात होते. खेळाचं मैदान म्हणजे आकडेच, बाकी नुसतं गवत. अकरा, साडेसोळा, सव्वा नऊला थोडं कमी, आणि गेली सतरा वर्षं प्रत्येकात तो अर्धा मीटर मिळवायचा, दर वेळी, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, एकदाही न चुकता. किती सामने झाले असतील? त्यांतला एकही चुकला नाही म्हणून कुणाला कळलं नाही की कुणी मोजतंय. मलाही नाही. ऑफिसच्या कागदावर ती नव्हती. पगार माझा, खोल्या माझ्या नावावर, कौतुकही माझं. आणि ती गेल्यावर सोळाव्या दिवशी मी ठिपका चुकवला. आता हे पुसलं तर चूक पुसली जाईल, पण चुकीबरोबर तीही पुसली जाईल. ती नसल्याचा फरक जगात एकाच ठिकाणी दिसत होता, हातभर, या गवतात. मी फावडं बाजूला टाकलं.

"बाबा, कुठं निघालात? बाबा! खोल्या जातील आपल्या, कळतंय का तुम्हाला? मी काय, माझ्या घरी जाईन. तुम्ही कुठं जाल?"

कळत होतं. पण पाय चालत होते. टेप गुंडाळून मी बगलेत मारला होता, एक टोक सुटून मागं फरफटत होतं आणि ती मागून येऊन ते उचलत होती.

सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत जिकडंतिकडं हार पडले होते, टेबलावर, खुर्चीवर, पंख्याच्या बटणावरसुद्धा एक लटकवलेला. साहेब फोनवर होते. कालपासून झोपले नसावेत, डोळे लाल आणि चेहरा लहान पोरासारखा. मला बघून त्यांनी फोन ठेवला. "या काका, या! तुमच्या मैदानाचं नशीब उघडलं!"

"साहेब, उत्तरेचा ठिपका अर्धा मीटर पुढं आहे. माझ्याकडून चुकलं."

ते हसतच होते. हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे आधी बदलले. उठून त्यांनी दार लावलं. "काका, बसा. पाणी घ्या. तुमच्या घरात एवढं मोठं दुःख झालंय, झोप नाही तुम्हाला..."

"झोप झाली साहेब. माप चुकलंय. टेप बघा."

"टेप जुना आहे."

"जुना आहे म्हणूनच चुकलं."

"अहो पण..." त्यांनी टेप हातात घेतला नाही, टेबलावर किडा पडावा तसे त्याच्यापासून लांब झाले. "तुम्हाला कळतंय का? आपण पहिल्यांदा जिंकलोय. पहिल्यांदा! माझे वडील या खुर्चीत बसायचे, त्यांना हे बघायला मिळालं नाही. आणि समजा, समजा हं, असेल अर्धा मीटर. त्यांचा गोली उजवीकडे पडला, चेंडू डावीकडे गेला. अर्धा मीटर काय, अर्धा मैल असता तरी गोलच होता!"

हे मलाही सकाळपासून दिसत होतं. मी म्हणालो, "हो."

"मग?"

"तो मोजून आला होता, साहेब. तो बरोबर बोलत होता. आपण हसलो त्याला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "काका, तुम्ही शोकात आहात. शोकात माणसाला काहीही वाटतं. माझ्या मावशीचे यजमान गेले तेव्हा ती महिनाभर म्हणत होती, गॅस मीच चालू ठेवला. तसं आहे हे. घरी जा. आज तुमची सुट्टी." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला धक्का बसला तो याचा. मी खरं बोलत होतो आणि माझी बायको गेली होती म्हणून ते खरं राहिलं नव्हतं. मी ठणठणीत असतो तर त्यांना चीड आली असती, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, आणि ते बरं झालं असतं.

सामना निरीक्षक शेजारच्या खोलीत होते. परदेशी माणूस, साठीचा, डोक्यावर कापडी टोपी. दुपारच्या विमानानं जायचे होते आणि अहवालाचे कागद भरत बसले होते, सोबत दुभाषी मुलगी, आपल्याकडचीच, चष्मेवाली. मी साहेबांच्या खोलीतून निघालो आणि सरळ त्या दारात उभा राहिलो. साहेब मागून आले, "काका, काका" करत. मी दुभाषीला म्हणालो, "पोरी, यांना सांग, पेनल्टीचा ठिपका साडेदहा मीटरवर आहे. मी मारला. मी दाखवतो." ती माझ्याकडे, मग साहेबांकडे बघायला लागली. तिनं सांगितलं. निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं, बॅगेतून स्वतःचा स्टीलचा टेप काढला आणि उठले. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

ऊन आलं होतं. आम्ही पाच जण उत्तरेच्या गोलाकडे चालत गेलो, पुढं ते, मग मी, मग साहेब आणि दुभाषी, मुलगी शेवटी. गोलरेषेपाशी त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि खाली बोट दाखवलं. मी उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. टोक दाबून धरलं. ते टेप सोडत मागं मागं गेले, पाठीवर ऊन घेऊन, आणि माझ्या घशात शब्द आला, आपोआप आला, "धरलं." कुणीही विचारलं नव्हतं. दुभाषीनं तेही सांगून टाकलं त्यांना. ते ठिपक्यापाशी वाकले, चष्मा वर केला, आकडा वाचला. दुभाषी म्हणाली, "दहा मीटर, बावन्न." मग ते दुसऱ्या बाजूनं आले आणि पुन्हा मोजलं. साहेब गवताकडे बघत होते. मुलीनं माझा दंड धरून मला उठवलं.

निरीक्षक बराच वेळ बोलले, दुभाषी मधेमधे थांबवून सांगत होती. "ते म्हणतायत, सामन्याआधी त्यांनी गोलाची उंची, रुंदी मोजली, ठिपका नजरेनंच बघितला, ही त्यांचीही चूक. ते म्हणतायत, पंचांनी मैदान मान्य केलं होतं आणि दुसऱ्या संघानं लेखी तक्रार केली नाही, म्हणून निकाल बदलणार नाही." साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. "पण अहवालात हे जाईल. मैदानाला दंड होईल कदाचित. तुमच्याबद्दल काय करायचं ते इथलं ऑफिस ठरवेल."

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते बघू आपण. नंतर बघू."

मी विचारलं, "त्यांच्या गोलीला कळेल का?"

तिनं विचारलं. "हो. अहवाल दोन्हीकडे जातो. त्यांना कळेल की तो बरोबर होता."

मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. निकाल तोच. गवत तेच. एवढं मोठं म्हणून उचलून आणलेलं ओझं कुणीतरी एका हातानं घेऊन बाजूला ठेवलं होतं. मी रिकामे हात घेऊन उभा होतो. निरीक्षकांनी वहीत लिहायला घेतलं होतं. मग त्यांनी मान वर केली आणि काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, याआधी असं कधी झालं होतं का?"

"नाही."

"ते म्हणतायत, त्यांनी आठ वर्षांपूर्वीही हे मैदान बघितलंय. तेव्हा सगळं मोजलं होतं, बोटभरही फरक नव्हता. त्यांना आठवतंय, कारण असं फार कमी ठिकाणी दिसतं. तेव्हा कुणी मोजलं होतं?"

साहेब म्हणाले, "यांनीच. तीस वर्षं हेच आहेत."

"मी नाही," मी म्हणालो. "माझी बायको मोजायची. सगळं तीच मोजायची. मी टोक धरायचो."

साहेबांनी झटकन वळून बघितलं. दुभाषीनं सांगितलं, निरीक्षकांच्या भुवया वर गेल्या, आणि ते पहिल्यांदाच हसले. चांगलं हसले. वहीचं पान उलटलं, पेनाचं टोक कागदावर टेकवलं आणि बोलले.

"ते म्हणतायत, त्यांना बोलवा. टेपचं कसं होतं ते त्यांच्याकडूनच लिहून घेतो, म्हणजे अहवाल पक्का होईल. आणि त्यांना भेटायलाही आवडेल."

मी मैदानाकडे बघितलं. कुणीच नव्हतं. फ्यूज लांब शिडीवर चढून फलकाचा दिवा काढत होता. मुलीचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला, ती बोलायला तोंड उघडत होती, कारण इतके दिवस तीच बोलली होती, ती आणि तिचा मामा. सगळ्यांना फोन मामानं केले होते. शेजाऱ्यांना तिनं सांगितलं. ऑफिसात क्लार्कनं अर्ज लिहिला, मी सही केली. जो भेटला त्याला आधीच माहीत होतं, तो माझा हात हातात घ्यायचा आणि मी मान हलवायचो. मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. एकदाही नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं.

"ती वारली," मी म्हणालो. "एकोणीस दिवस झाले."

दुभाषीनं चष्मा काढला, परत घातला. निरीक्षक तिच्याकडे बघत होते, पेन तयार, हसू अजून ओठांवर. त्यांना अजून माहीत नव्हतं. या मैदानावरच्या पाच जणांत त्या एका माणसाच्या डोक्यात ती अजून होती, कुठल्यातरी खोलीत, हात पुसत, बोलावलं की येणारी. मला वाटलं, तिनं सांगू नये. तिनं सांगितलं. फार लहान वाक्य होतं, चार-पाच शब्दांचं, त्यातला एकही मला येत नव्हता. पण त्यांचं हसू गेलं, पेन खाली आलं, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या चार-पाच शब्दांतल्या कुठल्यातरी एका शब्दानं हे केलं होतं. तेव्हा मला कळलं की हे खरंच झालंय, तिकडेही झालंय, ज्यांनी तिला कधी बघितलं नाही त्यांच्यातही झालंय. मी गवतावर बसलो. मुलगी "बाबा, बाबा" करत शेजारी बसली. साहेब पाणी आणायला धावले.

दुभाषी माझ्यापुढं वाकली. "काका, बरं वाटतंय ना? काही हवंय का?"

"हो," मी म्हणालो. "ते आत्ता जे सांगितलंस ना त्यांना, ते पुन्हा एकदा म्हण."